मेडिकलची सीट आणि आईची मिशेरी

वहिनीचा फोन सकाळी आला. "ताई, हे उठत नाहीयेत..." एवढंच ती म्हणाली. मी घाटकोपरहून मालाडला पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग पडला होता. माझा मोठा भाऊ, नंदूदादा, झोपेतच गेला. त्याला आता महिना उलटून गेला. शोकसभेत एकामागून एक वक्ते सांगत होते की त्यानं समाजाच्या सेवेसाठी दंतवैद्यकाचं व्रत घेतलं. मी मागच्या खुर्चीत बसून चरफडत होते. व्रतबित काही नव्हतं हो! दादाला दातांत काडीचाही रस नव्हता. तो डेंटिस्ट झाला तो हातातली एक सीट सोडून, आणि त्या सीटपायी आमच्या घरात जे झालं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. म्हणून मी सांगते आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मालाड पूर्वेच्या एका बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. आप्पा कचेरीत कारकून, आई घरात, मी नववीत. बारावीला दादाचं मेडिकल थोडक्यात हुकलं आणि डेंटल मिळालं. आप्पांनी कोकणात गावी कळवून टाकलं, नंदू डॉक्टर होतो आहे. कसला डॉक्टर, असं कुणी विचारलं की ते आंब्यांच्या भावावर घसरायचे. दादाचंही मन तिथं नव्हतंच. मेडिकलच्या वेटिंग लिस्टमध्ये त्याचं नाव होतं आणि तेवढ्या आशेवर तो कॉलेजात जात होता. मेणाचे दात कोरून घरी आणायचा आणि खिडकीत रांगेनं मांडून ठेवायचा. आप्पा तिकडे बघायचेसुद्धा नाहीत.

आई मिशेरी लावायची. आमच्याकडच्या सगळ्याच बायका लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटानं दातांना चोळत दारात बसायचं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. दात मात्र काळे पडत आणि आईला त्याची फार लाज होती. हसताना तिचा पदर तोंडावर गेलाच म्हणून समजा. आप्पांसमोर तर ती मोकळं हसल्याचं मला आठवत नाही.

एक दिवस दादा कॉलेजातून आला. जेवताना त्यानं विचारलं, "आई, तू हल्ली कालवण का घेत नाहीस?" तेव्हा माझ्याही लक्षात आलं. बांगड्याच्या झणझणीत तिकल्यावर जीव टाकणारी आमची आई किती दिवस नुसता ताकभात खात होती. "तोंड आलाहा. उष्णता असा," आई म्हणाली. दादानं पुढे घास घेतला नाही. मागाहून त्यानं मला बाहेर नेऊन सांगितलं. कॉलेजच्या संग्रहालयात बरणीत एक गाल ठेवला आहे, आतून पांढरा चट्टा असलेला, आणि खाली लिहिलंय की बाई मिशेरी लावत होती. "मला आईचा गाल आतून बघायचाय गं," तो म्हणाला. ते ऐकून मी घाबरले.

आई तोंड उघडेना. दादानं समजावलं, चिडला, पाया पडला. आई पदर दाताखाली धरून बसायची. पोटच्या पोरासमोर काळे दात काढून दाखवायचे, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. आणि नेमकं त्याच आठवड्यात मेडिकलचं बोलावणं आलं. वेटिंग लिस्ट सरकली होती. मुंबईबाहेरच्या एका कॉलेजात शनिवारी दुपारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर सीट पुढच्याला. आप्पांनी पेढे आणले. ट्रंक माळ्यावरून काढली, स्वतः पुसली, शुक्रवारच्या रात्रीच्या एसटीचं तिकीटही काढून आणलं. इतके खुशीत आलेले आप्पा मी त्याआधी पाहिले नव्हते.

दादा म्हणाला, "आई आधी माझ्या डेंटल कॉलेजात येऊन तोंड दाखवील. मगच मी जाणार."

"आधी सीट घे, मगे बघू," आई म्हणाली.

दोघं एकाच हाडाची. गुरुवार असाच गेला. घरात भांड्याला भांडं लागलं तरी दचकायला व्हायचं. आप्पा आधी गोडीत बोलत होते, मग त्यांचा आवाज चढत गेला. "आवशीचा तोंड खंय पळान जाता काय? सीट पळान जातली!" शुक्रवारी संध्याकाळी भरलेली ट्रंक दारात होती आणि दादा तिच्यावर बसून होता. एसटीची वेळ झाली, टळली. आप्पा खुंटीवरचा शर्ट चढवून बाहेर निघून गेले. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. मग मागे न वळता ती म्हणाली, "सकाळी जावया."

शनिवारी आम्ही तिघं दादाच्या कॉलेजात गेलो. तिथल्या सरांनी आईला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला. आई ओठ घट्ट मिटून. मग तिनं दादाकडे बोट केलं आणि सरांना म्हणाली, "ह्येका भायर जावक सांगा." परक्या माणसासमोर तोंड उघडायला ती तयार झाली होती, मुलासमोर नाही! दादा मुकाट्यानं बाहेर आला. आम्ही बाकावर बसलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि दुपार होत आली होती. तिकडे त्याची सीट जात होती आणि इकडे तो बंद दाराकडे बघत होता. सरांनी बाहेर येऊन सांगितलं, गालात पांढरा चट्टा आहे, तुकडा काढून तपासायला दिलाय.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी विसरू शकत नाही. आप्पा दादाशी एक अक्षर बोलत नव्हते. आई अंगारा लावायची आणि त्याच हातानं मिशेरीची डबी उघडायची. दादानं ती एकदा हिसकावली, तर ढसाढसा रडली. मी शाळेत वहीवर रेघोट्या मारत बसायचे. आईवाचून घर कसं असेल, हा विचार मनात आला की स्वतःचाच राग यायचा.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. मिशेरी चालू राहिली तर पुढे होऊ शकतो, आत्ताच बंद करा, असं सरांचं म्हणणं. दादानं हे घरात सांगितलं, मी आईच्या गळ्यात पडले... आणि आप्पांचा स्फोट झाला. "म्हणजे काय्येक नव्हता! नसलेल्या रोगापायी मेडिकलची सीट घालवलंस? आता बस जन्मभर लोकांचे दात उपटत!" दादा खाली मान घालून उभा. न झालेल्या रोगाचा पुरावा माणूस आणणार कुठून?

तेव्हा आई उठली. खिडकीतल्या उजेडात जाऊन बसली आणि पदर खांद्यावरून मागे टाकला. "नंदू, हंय ये. बघ," म्हणाली, आणि आप्पांच्या देखत तिनं तोंड उघडलं. काळे दात, पांढरा गाल, सगळं. दादा तिच्यासमोर गुडघ्यावर बसून बघत राहिला. आईनं त्या दिवसापासून मिशेरी सोडली. किती तळमळली ते आम्ही पाहिलं. पण सोडली, आणि म्हातारी होऊन गेली.

आप्पांचं मन शेवटपर्यंत पुरतं वळलं नाही. "एमबीबीएस झाला असता" हे पालुपद त्यांनी सोडलं नाही. मी एकदा दवाखान्यात दादाला विचारलं होतं, "तुला कधी पस्तावा होतो का रे?" मला वाटलं, नाही म्हणेल. "होतो ना," तो म्हणाला, "एखाद्या दिवशी चांगलाच होतो." आणि पुढचा पेशंट आत घेतला.

गेल्या आठवड्यात वहिनी आणि मी त्याचा दवाखाना आवरायला गेलो होतो. दार उघडं बघून एक म्हातारी आत आली. खारदांड्याहून मासे घेऊन मालाडच्या बाजारात बसणारी. आम्ही तिला सांगितलं, डॉक्टर गेले. ती उभ्या उभ्या थिजली. मग नेहमीसारखी पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली. डॉक्टर कधी घाई करायचा नाही, म्हणाली. ती आपणहून तोंड उघडीपर्यंत तो मासळीच्या गोष्टी विचारत बसायचा. दर खेपेला, गाल तपासण्याआधी.

"मावशी, मी डॉक्टर नाही हो," मी म्हटलं.

"ठाव हाय," ती म्हणाली. "तू त्याची बहीण ना? बघ."

तिनं पदर बाजूला केला आणि तोंड उघडलं. वहिनीनं दिवा लावला. मला त्यातलं काही कळत नाही. तरी मी वाकले, आणि तिचं तोंड मिटेपर्यंत बघत राहिले.