दादाचा बत्तीस बिटांचा आवाज

माझ्या थोरल्या भावाची नजर काचबिंदूनं गेली आणि गोरेगावच्या शाळेतली त्याची मास्तरकी सुटली. वाचल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागत नसे, तो खोलीत नुसता बसून राहू लागला. मी जवळच सेनगावात कॉम्प्युटरचे क्लास घेतो. माझा जुना लिनक्सवाला कॉम्प्युटर मी त्याच्याकडे मांडून दिला आणि पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्राम त्यात टाकला. बनवणाऱ्यानं तो कधीच सोडून दिला होता, पण वाचायचा झकास. दादा तासन् तास हेडफोन लावून बसायचा. वाचनासाठी कुणाला हाक मारायची त्याला गरजच उरली नाही.

प्रोग्राम जुन्या पद्धतीचा, बत्तीस बिटांचा, आणि कॉम्प्युटर नव्या पद्धतीचा, चौसष्ट बिटांचा. म्हणून त्या एकट्यासाठी आवाजाची, अक्षरांची सगळी मदतनीस पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामला चालायला लागणारे छोटे प्रोग्राम, दुसऱ्यांदा बसली होती, एका घरात दोन चुली मांडाव्यात तशी. त्यांच्यामागून आणखी ढीगभर बिनकामाची शिरली. दर अपडेटला सगळं दोनदा उतरायचं आणि डिस्क भरत आली. मला तर एक वस्तू दोनदा दिसली की डोकं फिरतं.

एका रविवारी दुपारी दादा जेवायला बसलेला असताना मी बत्तीस बिटांचं सगळं एका कमांडनं काढायला घेतलं. काय काय जाणार, त्याची लांबलचक यादी पडद्यावर आली. यादी वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका, असं क्लासमध्ये मी घसा फोडून सांगत असतो. मी न वाचताच 'हो' म्हटलं. वर डाउनलोड केलेल्या जुन्या फायलीही पुसून टाकल्या आणि खुशीत चहा मागितला.

दादा आला, खुर्चीत बसला. त्यानं हेडफोन लावला, काढला, पुन्हा लावला.

"बोलून न्हाई राहिला हा," तो म्हणाला. "काहून रे?"

यादीत तो प्रोग्रामही होता. मदतनीस गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला, आणि तो परत बसवायची फाइल मी पुसलेल्या फायलींत होती. बनवणाऱ्याची वेबसाइट बंद पडलेली. ओळखीच्या सगळ्यांना विचारलं, कुणाकडेच फाइल निघाली नाही. कामाची चारपाच पॅकेजं ठेवून बाकीची काढणं हे अर्ध्या तासाचं काम होतं. अजूनही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

नवा आवाज टाकून दिला, तर तो शब्द तोडत वाचतो. दादानं दोन दिवस ऐकला आणि हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला. तेव्हापासून क्लास सुटला की मी जीपनं गोरेगावला जातो आणि त्याला वाचून दाखवतो.

परवा एक परिच्छेद मी घाईत उरकला. त्याला तो नीट कळला नव्हता, चेहऱ्यावर दिसत होतं.

"परत वाचू का?"

"न्हाई, राहू दे. थकून आलास तू."

त्या मशीनकडून तो एकेक ओळ दहादा वाचून घ्यायचा.