कुठूनबाई आणि कोपीचं तोंड

आमच्या बाई कुठलाही प्रबंध शेवटाकडून वाचायच्या. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देशात त्यांच्याच नावानं ओवाळलेली आरती, हे सगळं ओलांडून त्या थेट संदर्भसूचीवर उतरत. कपाळावरचा चष्मा नाकावर येई, उजव्या हाताचं बोट एकेका नोंदीवरून सावकाश सरकू लागे, आणि समोर बसलेल्या माणसाला आपण पुन्हा चौथीत गेलोय असं वाटू लागे. “तुम्ही काय बोलून राहिलात ते मग बघू,” त्या म्हणत, “कुणाकुणापाशी बसून आलात ते आधी बघू द्या.”

नांदेडला विद्यापीठात त्या मराठी शिकवायच्या आणि मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होतो. ‘करत होतो’ हे माझं म्हणणं. बाईंच्या मते मी पीएच.डी.च्या आसपास फिरत होतो. लोह्याच्या एका कॉलेजात मी तासिकेवर शिकवायचो. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी आली तर उपास. कायम व्हायचं तर नावामागं ‘डॉ.’ लागणार होतं. माहेरी बायकोनं ते आधीच लावून टाकलं होतं, त्यामुळं सासुरवाडीला गेलो की गल्लीतल्या म्हाताऱ्या मला गुडघे दाखवायच्या.

पहिली संदर्भसूची मी मोठ्या हौसेनं केली. संशोधकाचं वजन सूचीच्या लांबीवर ठरतं, असा माझा समज. म्हणून इतरांच्या प्रबंधांतली भारदस्त नावं वेचून वेचून मी माझ्या सूचीत वाढली होती. बाईंचं बोट एका नोंदीवर थांबलं.

“हे कसंय?”

“चांगलंय, बाई.”

“भाषा?”

“भाषा जरा जड आहे. पण मांडणी सुंदर.”

“जाड हाय का बारीक?”

मी हातानं विटेएवढी जाडी दाखवली.

“हा नकाशा आहे,” बाई म्हणाल्या. “आपल्या विभागात दारामागं लावलेला. तुम्ही रोज त्याच्या खिळ्याला छत्री अडकवता.”

त्यानंतरचं प्रकरण मी इंटरनेटवरून उतरवलं. उतरवलं म्हणजे उचलून ठेवलं. चार शब्द इकडचे तिकडे केले, ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘मौलिक’ घातलं, आणि ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ हे वाक्य तेवढं परिच्छेदाच्या शेवटी तसंच राहून गेलं. बाईंनी त्या वाक्यावर बोट ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. मग कागद उजेडाकडे धरून शांतपणे म्हणाल्या, “उघडंना की हो काही.” त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ते बोट मला आजही स्वप्नात दाबतं.

कागदापुरतं हे असतं तर निभावलं असतं. पण बाईंना बोलण्यातही तळटीप लागायची. स्टाफरूममध्ये कुणी “उद्या सुट्टी आहे म्हणे,” असं म्हटलं की बाई मान वर करत. “म्हणे कोण? कुठून कळलं?” मग क्लार्क, क्लार्कचा मेव्हणा, मेव्हण्याच्या ग्रुपवरचा मेसेज असं करत करत ती सुट्टी विरून जायची आणि आम्ही दुसऱ्या दिवशी कामावर हजर. स्वतःलाही त्यांनी कधी सवलत दिली नाही. डब्यातल्या ठेच्याची तारीफ केली की लगेच खुलासा यायचा: “ठेचा माझा न्हाई. हिमायतनगरला होते तेव्हाच्या शेजारणीचा. शेंगदाणे तेवढे माझे.” विनोद सांगायच्या तोही कुणाचा, कुठं ऐकला हे आधी सांगून, वर “मूळ सांगणारानं जास्त चांगला सांगितला होता” अशी पुस्ती जोडून. त्यांच्या विनोदाला कधी कुणी हसलेलं मला आठवत नाही.

पोरांनी त्यांचं नाव ‘कुठूनबाई’ ठेवलं होतं. बाईंना ते कळलं. त्या वर्गात आल्या, म्हणाल्या, “नाव चांगलंय. मला आवडलं. फक्त ते पहिल्यांदा कुणी ठेवलं? ज्याचं त्याला श्रेय मिळालं पाहिजे.” वर्गातला प्रत्येक जण खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागला. मला वाटतं, त्या खरंच विचारत होत्या.

माझा विषय होता येळवस. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-नांदेडकडे गावं ओस पडतात, कारण सगळा गाव शेतात असतो. रानात कडब्याची छोटी कोप उभारायची, आत चुन्यानं माखलेले दगड मांडून पुजायचे, दिवा लावायचा, आणि मग भज्जी, उंडे, आंबील असं जेवायचं की संध्याकाळी ट्रॅक्टरमध्ये माणसाला उचलूनच ठेवावं लागतं. असा विषय मी अभ्यासाच्या ओढीनं निवडला, असं मुलाखतीत सांगतो.

लोह्याजवळच्या एका म्हातारीनं मला येळवशीची गाणी सांगितली. मी प्रबंधात लिहिलं, ‘एका वृद्ध स्त्रीने सांगितले.’ बाईंनी पेन खाली ठेवलं.

“एका म्हणजे कुणी?”

“अशीच एक होती, बाई. पारावर.”

“पुस्तकाला नाव, गाव, साल, प्रकाशक, पान. आणि जित्या बाईला नुसतं ‘एक’? परत जा.”

मी परत गेलो. म्हातारीला नाव विचारलं तर ती उठून आत निघाली. “नाव कशाला पायजे बाबा? राशन बंद करतूस का?” तिची समजूत घालता घालता दुपार गेली. पण नाव आणलं, आणि ते एका मासिकातल्या माझ्या लेखात छापून आलं तेव्हा प्रत घेऊन पुन्हा तिच्याकडे गेलो. तिनं आपलं नाव नातीकडून तीनतीनदा वाचून घेतलं आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाईंचं वेड कळायला मला तेव्हा सुरुवात झाली. पूर्ण कळलं ते पुढच्या येळवशीला.

सासऱ्यांचं रान शिरूर अनंतपाळकडे. मी गेलो तेव्हा मामांनी (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) कोप उभी केली होती आणि तिचं तोंड मावळतीला होतं. मी ताबडतोब विद्वान झालो.

“मामा, कोपीचं तोंड चुकलंय. उगवतीलाच पाहिजे.”

“कोन म्हनलं?”

“सगळ्या पुस्तकांत आहे.”

“मग पुस्तकात बांदा की कोप,” मामा म्हणाले. “हितं वारं उगवतीकून येऊन राहिलंय. दिवा काय तुमी हातात धरून बसताव?”

मी आजूबाजूची रानं फिरलो. कुणाची कोप इकडं, कुणाची तिकडं. जिथं बांध किंवा झाडाची आड मिळेल तसं तोंड. मला वाटलं, आयुष्यात प्रथमच मला काहीतरी सापडलंय. आणि कानात आपोआप बाईंचा आवाज आला. सगळ्या पुस्तकांत आहे खरं, पण पुस्तकांत आलं कुठून?

मग मी लातूरच्या जुन्या ग्रंथालयात ठाण मांडलं. अलीकडच्या जाड ग्रंथाच्या तळटिपेत एका अंकातला लेख होता. लेखाच्या तळटिपेत एक पुस्तक. प्रत्येक जण आपल्या आधीच्याकडे बोट दाखवून मोकळा झालेला. रानात कुणीच गेलेलं नाही. त्या पुस्तकानं बोट दाखवलं होतं एका पीएच.डी.च्या प्रबंधाकडे. ग्रंथपालांनी धूळ झटकून तो माझ्यापुढं ठेवला आणि कव्हरवरचं नाव मी बोट ठेवून वाचलं. प्रबंध आमच्या बाईंचा होता. ‘कोपीचे तोंड नेहमी उगवतीस असते.’ खाली तळटीप: ‘क्षेत्रभेट.’ बस. गाव नाही, माणूस नाही, साल नाही.

बाईंची निवृत्ती तोंडावर आली होती. निरोपसमारंभात दहा जण त्यांच्या काटेकोरपणावर बोलणार होते. माझा प्रबंध त्यांच्या सहीसाठी थांबला होता आणि सहीवर माझी नोकरी. बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमाला नोकरी पायजे का कोपीचं तोंड? एक काय ते ठरवा.”

मी ठरवलं की माझ्या प्रकरणातून कोपीच्या तोंडाचं वाक्यच गाळायचं. ना त्यांची चूक, ना माझा शोध. तसं करून प्रकरण घेऊन गेलो. पण बाई मागून वाचतात हे मी विसरलो. सूचीत त्यांचा स्वतःचा प्रबंध होता. मजकुरातून काढला, सूचीतून काढायचा राहिला. बोट थांबलं.

“हा कुठं वापरलाय?”

खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता, पण त्या बोटापुढं मला कधी जमलं नाही. मी पिशवीतून त्या पानाची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. बाईंनी वाचलं. खालची तळटीप आधी, मग वरचं वाक्य. मग अगदी हळू, त्या कागदालाच विचारावं तसं म्हणाल्या, “कुठून?”

आणि उत्तरही त्यांनीच दिलं. “आईनं सांगितलेलं. शिरूरकडंच मालकाच्या रानात ती कामाला असायची. आमच्या घरात तवा बुद्धवंदना, येळवस न्हाई. पण मालकाची कोप बांधायला आईच लागायची. त्या रानाला उगवतीकडून आमराईची आड होती. ती त्या एका रानाचं बोलली, मी सगळ्या मराठवाड्याला लावलं.” मग म्हणाल्या, “नाव लिहायला पाहिजे होतं. माझे गाईड विचारतील, कोण ही गयाबाई, असं वाटलं. मग काय सांगायचं? ‘क्षेत्रभेट’ लिहिलं अन् सुटले.”

मी घाईघाईनं म्हटलं, “बाई, गाळलंय मी ते.”

“गाळलंय?” बाईंचा आवाज एकदम नेहमीच्या पट्टीवर आला. “पहिल्यांदाच कामाचं काहीतरी सापडलं तुम्हाला, अन् गाळलं? घ्या लिहून.” आणि त्यांनी स्वतःच्या चुकीची नोंद मला सांगितली. स्वतःचं नाव, प्रबंधाचं नाव, पान. मग, ‘हे विधान एकाच शेतावरून केलेले असून चुकीचे आहे.’ मी ‘अपुरे’ असं सुचवलं. “चुकीचे,” बाई म्हणाल्या. शेवटी माहिती देणाऱ्यांच्या यादीत: गयाबाई, शेतमजूर. साल विचारलं तर म्हणाल्या, “माहीत न्हाई. तसंच लिहा, माहीत नाही. लपवायचं कशाला?”

मी आयुष्यात धीट माणसं पाहिली आहेत. पण पेनाच्या टोकाएवढ्या जागेत एवढं धाडस मावतं, हे मी त्या टेबलावर पाहिलं.

मौखिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांचं नाव मी पत्रावर वाचलं होतं, पण ते माझ्या तळटिपेतही आहे हे त्यांना समोर बसलेलं बघून माझ्या लक्षात आलं. जाड ग्रंथ त्यांचाच. सरांनी नेमकं ते पान उघडलं.

“तुम्ही स्वतःच्या मार्गदर्शकांना चूक म्हणता?”

“हो सर,” मी म्हटलं, आणि तोंड बंद ठेवण्याची संधी असताना पुढं बोललो, “आणि... तुम्हालाही.”

बायको मागच्या रांगेत डोक्याला हात लावून बसलेली मला दिसत होती. तेवढ्यात बाई उठल्या. “सर, यांच्या पहिल्या सूचीत नकाशाला पुस्तक म्हटलं होतं यांनी. तवा मी सही केली न्हाई. ह्या पानावर मी डोळे झाकून सही केली असती, पण उघडे ठेवून केली. चूक माझी आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, ही तुमची.”

परीक्षकांनी प्रबंध मिटला. मग मान मागं टाकून हसले. “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो,” म्हणाले, “तुमच्या नावानं.” बाईंच्या बोलण्यावर कुणी हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि तो विनोद नव्हता. मी पास झालो. यथावकाश कायमही झालो. गल्लीतले गुडघे मात्र अजून येतात.

बाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या, आणि गेल्या वर्षी तिथूनच कायमच्या गेल्या. मला आठवतो तो मौखिकीनंतरचा जिना. सगळे पेढे खायला खाली धावले होते. बाई मधल्या पायरीवर थांबल्या, प्रबंधाची प्रत मागून घेतली आणि सवयीप्रमाणे मागून उघडली. बोट यादीवरून उतरत उतरत ‘ग’पाशी थांबलं. पुढं सरकलंच नाही.

“आमच्या आईचं नाव बऱ्याच कागदांवर होतं,” बाई म्हणाल्या. “पण शेजारी अंगठा नाही, असा हा पहिलाच.”

हे वाक्य माझं नाही. बाईंचं आहे. मौखिक. जिन्यात, उभ्यानं.