बाद माल

काचेच्या कारखान्यात तिला सगळे बादबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते पक्कं ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. भट्टीवर फुंकलेला प्रत्येक पेला निवल्यावर तिच्या टेबलावर यायचा. ती तो खिडकीच्या उजेडात धरायची, नखाने टिचकी मारायची आणि कुठे बुडबुडा, कुठे रेघ दिसली की म्हणायची, "बाद." मग तो फुंकणाऱ्या कारागिराला बोलावणं जायचं. त्याला खोट दाखवायची आणि त्याच्यादेखत पेला पिंपात फोडायचा, असा तिथला नियम. त्या काचा पुन्हा भट्टीत जायच्या. तिने भल्याभल्यांची गय केली नाही.

अशात एका नव्या कारागिराचा माल रोज बाद होऊ लागला. बुडबुडा मोहरीएवढा, आणि नेमका बुडाशी, पेला धरला की अंगठा टेकतो तिथे. एखाद्या वेळी होतं, पण रोज तिथेच कसा येईल? हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. पेंढ्यात पेले बांधणाऱ्या बायकांना अजिबात लागला नाही; त्या केव्हाच्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. तो यायचा, मान खाली घालून खोट बघायचा, "पुन्हा असं होणार नाही," म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

एकदा तो हळूच म्हणाला, "एवढा एक नका फोडू. घरी न्या की."

"बाद म्हणजे बाद," ती म्हणाली आणि फोडला. सगळ्यांचे डोळे तिच्यावर लागलेले, करणार काय बिचारी?

त्या दिवसापासून त्याचे पेले निर्मळ येऊ लागले. गडी रुसला, हे उघड होतं. तिला चैन पडेना. शेवटी लाज गुंडाळून ठेवून ती स्वतःच भट्टीपाशी गेली.

"हल्ली तुमचा एकही पेला बाद होत नाही," ती म्हणाली.

"मग काय, करमत नाही वाटतं?" त्याने घाम पुसत विचारलं. लग्न ठरायला तेवढं पुरलं.

संसार चांगला झाला. पुढे घरोघरी प्लॅस्टिक आलं, भट्टी विझली, आणि जिथे ती तपासणीला बसायची त्याच खोलीत कारखान्याचं संग्रहालय झालं. मग तोही गेला. घरी त्याच्या हातचे पेले होते, पण ते कुणालाही विकता आले असते. तिला हवा होता तिच्यासाठी बिघडवलेला एक तरी. म्हणून ती संग्रहालयात जायची आणि एकेका कपाटाला डोळा लावून बसायची. कपाटात सगळा निर्दोष माल. असणारच, तिनेच तर पास केला होता. स्वतःच्या चोख कामाचा इतका राग तिला जन्मात आला नव्हता.

एका दुपारी तिथल्या देखरेखीच्या मुलीने तिला पाणी आणून दिलं. तिने पेला धरला आणि अंगठा थबकला.

"हा कुठला गं?"

"भट्टीमागची भिंत पाडली ना आजी, तिथे खोकंभर सापडले. सगळ्यांना एकाच जागी बुडबुडा. मांडण्यासारखे नाहीत, म्हणून पाण्याला काढले."

म्हणजे रुसवा वगैरे काही नव्हता. तिच्यासाठी तो फुंकतच राहिला होता, फक्त तिच्या हातून फुटू नयेत म्हणून लपवत होता. आणि एवढ्या वर्षांच्या संसारात लबाड एका शब्दाने बोलला नाही. तिला रडू आलं, आणि त्याच्याशी कडाकडा भांडावंसंही वाटलं.

ती सगळं पाणी प्यायली. पेला पुसला, खिडकीच्या उजेडात धरला, टिचकी मारली.

"बाद," ती म्हणाली.

मुलगी हसली. "मग टाकून देऊ?"

"बाद माल माझ्याकडे जमा होतो," ती म्हणाली आणि पिशवी उघडली. "जा, खोकं घेऊन ये."