ब्रेक फेल म्हणजे काय झालं?

सर्व्हेअर देशकर साहेबांनी त्या दिवशी चाक खोलायला लावलं नसतं, तर माझी नागपूरची नोकरी तिथंच संपली असती. अपघात झाला की विमा कंपनी नुकसान बघायला ज्याला पाठवते, तो सर्व्हेअर. माझी त्यांची ओळखसुद्धा नव्हती.

छिंदवाड्याकडच्या घाटाच्या पायथ्याशी आमचा कोळशाचा ट्रक चहाच्या टपरीत घुसून उभा होता. चूल चाकाखाली गेली होती. टपरीवाली बाई रस्त्यावर बसून एकच सांगत होती, "पाण्याले गेली नसती त मेली असती ना गा मी."

मी ती चूल बघितली. आदल्या संध्याकाळी त्या गाडीचे ब्रेक मीच केले होते.

ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपमध्ये मी नवा फिटर. सावंतवाडीकडचा, सातवीत नापास होऊन शाळा सोडलेला. नागपुरात माझं म्हणावं असं कोणी नाही.

"काल ब्रेकला हात कोणी लावला होता?" मला सोबत घेऊन आलेल्या मॅनेजरनं टपरीपाशीच विचारलं.

"मी, साहेब."

"मग झालं तर. हवा राहिली असेल."

पेडल दाबलं की ऑईल पाइपातून चाकापर्यंत जातं आणि ब्रेक धरतो. पाइपात हवा राहिली तर पेडल नुसतं आत जातं. हवा मी नीट काढली होती. पण त्या वेळी माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही.

ड्रायव्हर शालिकराम भिवापूरचा. तो खाली बघत म्हणाला, "ब्रेक फेल झाला, सायेब. अजून का सांगू?"

देशकर साहेब केबिनमध्ये चढले. पेडल दाबून बघितलं, मला दाबायला लावलं. पेडल कडक. ऑईल पूर्ण, गळती कुठं नाही.

"हवा नाही," ते म्हणाले. "पुढचं चाक खोल."

"कशाला साहेब?" मॅनेजर म्हणाला. "ब्रेक फेल लिहा ना."

"फेल म्हणजे काय लिहू? इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांकडं तो लॅटिनमधून आला. तिथं त्याचा अर्थ फसवणं. पुढं इंग्रजीत तो ऐनवेळी कमी पडण्याला वापरू लागले. पीक फेल, झऱ्याचं पाणी फेल. परीक्षेतलं फेल फार नंतरचं. तेव्हा कोणी कोणाला फसवलं, ते बघू द्या."

मी जॅक लावता लावता ऐकत होतो. फेल म्हणजे निकालाच्या बोर्डावर आपलं नाव नसणं, एवढंच मला माहीत. हा शब्द माणसाच्या आधी पिकाला लागत होता हे ऐकून मी हातातला पाना धरून तसाच थांबलो.

"खोल लवकर," साहेब म्हणाले.

चाकामागचा गोल ड्रम निघाला आणि जळकट वास आला. ड्रम आतून तापून निळा पडलेला. ब्रेकचं लायनिंग, म्हणजे जे ड्रमवर घासून चाक थांबवतं, ते काचेसारखं गुळगुळीत. इतकं तापलं की पेडल कितीही दाबा, पकड मिळत नाही. थंड झालं की पेडल बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं.

"शालिकराम, घाट कोणत्या गिअरमध्ये उतरला?"

"नेहमीसारखाच उतरलो, सायेब."

"अरे, गिअर विचारतोय मी. गिअरमध्ये असली की उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं."

"न्यूट्रल, सायेब. इंजिन बंद करून. सारा घाट ब्रेकवरच."

"लोड गाडी? आणि ते काहून?"

"डिझेल वाचते म्हून. ज्याचं डिझेल जास्त जाईन त्याले लांबची ट्रिप भेटनार नाही, असं सांगतलं ना या मॅनेजर सायबानं. सारेच ड्रायव्हर तसेच उतरून राहिले."

सारेच. आमच्या प्रत्येक गाडीचे ब्रेक मी बघत होतो. रोज अशा कितीतरी गाड्या या टपरीवरून जात होत्या. मॅनेजर टपरीच्या मोडक्या पत्र्याकडं बघत राहिला.

साहेबांनी रिपोर्टात माझं नाव घातलं नाही. शालिकरामला काही दिवस घरी बसवलं. ट्रान्सपोर्टवाल्यांना बाईची टपरी नवी बांधून द्यावी लागली. डिझेलचा नियम गेला. तो कोणी केला होता हे मात्र कोणालाच आठवेना.

मी अजून हेच काम करतो. कोणी "ब्रेक फेल" म्हणालं की आधी विचारतो, गाडी उतरवली कशी, आणि तशी उतरवायला सांगितलं कोणी.

देशकर साहेब रिटायर झालेत. तुमच्या गाडीचे ब्रेक जन्मभर मी करीन, असं मी त्यांना म्हणालो होतो. त्यांच्याकडं गाडी नाही. सायकल आहे, आणि तिला ते कोणाला हात लावू देत नाहीत. पण माझं देणं राहिलंय. कधी ना कधी, कशानं तरी, ते मी फेडणार आहे.