अग्रिपिना मावशीच्या आईचं पत्र

अग्रिपिना मावशी सकाळपासून तिसऱ्यांदा जागची उठली, तसा मुकादम तानो खेकसला, "मावशे, बुडाखाली निखारे आहेत का गं? बस की!"

"टपाल आलं का बघून येते."

"टपाल दुपारी येतं. अमेरिकेचा टपालवाला तुझ्यासाठी घोडा उधळत येणार आहे का?"

बाया हसल्या. मावशी चरफडत परत खोक्यावर टेकली आणि श्रावणघेवड्याची देठं खुडू लागली. बोटं चालत होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता. गेल्या आठवड्यात तिला स्वप्न पडलं होतं, दाढ पडल्याचं. रक्त नाही, कळ नाही, दाढ आपली अलगद तळहातावर. स्वप्नात दाढ पडली की रक्ताचं माणूस जातं, हे आमच्या सिसिलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मावशीचं रक्ताचं असं उरलं होतं किती? पोरगा कुठेतरी पश्चिमेला रेल्वेच्या कामावर, आणि तिकडे मिनेओ गावात म्हातारी आई. बस.

जुलै लागला की बफेलो शहरातल्या आमच्या निम्म्या बाया पोराबाळांसकट भाज्या डब्यात भरायच्या या कारखान्यावर यायच्या. सहा आठवडे मुक्काम, सहा आठवडे शेंगा. दिवसभर त्याच त्या शेंगा खुडून माणूस वेडं होईल, पण मावशी होती ना! तिने गोष्ट सुरू केली की हात आपोआप चालायचे आणि पोरं आयांना चिकटून बसायची. एका राजाच्या सात मुली आणि सातहीजणी घोरायच्या, ही तिची सगळ्यात गाजलेली गोष्ट. प्रत्येकीचं घोरणं वेगळं. धाकटीचं घोरणं ऐकून तर तानोसुद्धा पाठ फिरवून हसायचा.

एकच वर्ष ती गप्प होती, नवरा गेला तेव्हा. घरात मरण झालं की वर्षभर काळं नेसायचं, गाणं नाही, हसणं नाही, आणि गोष्ट तर नाहीच नाही. त्या हंगामात पोरं शेडभर उधळली होती. सारिनाचा ब्लासी तेव्हा चार वर्षांचा. गेला यंत्राच्या पट्ट्याशी खेळायला, आणि बोट गमावून बसला.

ही सारिना बफेलोत मावशीच्या वरच्या मजल्यावर राहायची. सव्वीस वर्षांची, पदरी चार पोरं, आणि सगळ्या बायांत लिहितावाचता येणारी ती एकटीच. मावशीचं प्रत्येक पत्र तीच वाचायची, उत्तरही तीच लिहायची. जूनपासून आलेली आईची दोन पत्रंही तिनेच वाचून दाखवली होती.

दुपारी बाया पाव-कांद्याची फडकी सोडून जेवायला बसल्या, तेवढ्यात सारिना हातात कागद घेऊन आली. "मावशी, आलं बघ! उगाच जीव टांगणीला लावलास."

मावशीने घास खाली ठेवला. "वाच. आधी सांग, बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. ऐक तर." सारिनाने घसा खाकरला. "'लाडक्या लेकी, यंदा बदाम भरभरून आलेत. परवा पहाटे विहिरीवर गेले, तर तिथे एक म्हातारा भिकारी बसला होता. म्हणाला, माई, तीन दिवसांचा उपाशी आहे. मी माझा अर्धा पाव त्याला दिला. उरलेला अर्धा घेऊन पेत्राच्या दारात गेले. म्हटलं, पेत्रा, झालं गेलं विसरून जाऊ. आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो.'"

"अगं बाई, किती गोड!" कुणीतरी म्हणालं.

मावशीने कागदाकडे टक लावली. पेत्रा म्हणजे आईची शेजारीण. तिच्या कोंबड्यांनी आईचे पावटे उकरले त्याला एकोणीस वर्षं झाली होती. आई पत्रं सांगायची आणि चर्चमधला घंटा वाजवणारा ती लिहून द्यायचा. प्रत्येक पत्रात आधी गुडघा, मग कोंबड्या, मग पेत्राला शिव्या. आणि भिकाऱ्याला अर्धा पाव? तो विहिरीवरचा उपाशी म्हातारा मावशीच्या ओळखीचा होता. गेली चाळीस वर्षं आपल्या गोष्टींत तीच त्याला विहिरीवर बसवत आली होती!

"पुढे वाचू?" सारिनाने विचारलं.

"नको." मावशीने सारिनाचा हात धरला. "सारिना, आई कधी गेली?"

शेडमधले सगळे हात थांबले. मावशीने एकेकीकडे पाहिलं. एकीनेही मान वर केली नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं!

"बारा मेला," सारिना पुटपुटली. "जूनमध्ये पत्र आलं."

"बारा मे!" मावशी ताडकन उठली. टोपली लवंडली, शेंगा पायाखाली आल्या. "आई मातीत, आणि मी इथे घोरून दाखवत होते? लाल रुमाल बांधून? सगळ्याजणी हसत होतात ना गं माझ्यासमोर? लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटली." सारिना रडत होती, पण नजर हटवली नाही तिने. "पण तू गप्प झालीस तेव्हा माझ्या पोराचं बोट गेलं, मावशी. म्हटलं, हा हंगाम निघू दे, मग सांगू. पाप माझं. या सगळ्यांना मीच गप्प बसवलं."

"खरं पत्र कुठाय?"

सारिनाने चोळीतून घडी काढली. घामाने कागद मऊ पडला होता.

"जसंच्या तसं वाच. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर थोबाड फोडीन."

"'तुमची आई बारा मेला सकाळी वारली. तीन दिवस ताप होता, गुडघा सुजला होता. पेत्राने कोंबडीचं सूप आणलं, ते तिने घेतलं नाही. म्हणाली, माझेच पावटे खाऊन माजलेली कोंबडी मला पाजते. शेवटी तुमचं नाव घेतलं.' एवढंच आहे."

मावशीच्या तोंडून एकदम हसू फुटलं, आणि हसता हसताच तिने ऊर बडवायला सुरुवात केली. "हीच गं हीच माझी आई! मेली तरी वाकली नाही!" बाया धावल्या, तिला धरून खाली बसवलं. कुणीतरी आपली काळी शाल काढून दिली. मावशीने लाल रुमाल सोडला आणि शाल कपाळाच्या खालपर्यंत ओढून घेतली.

मग पोरं चुळबुळायला लागली. एक उठलं, दुसरं उठलं. ब्लासी धाकट्या भावाला घेऊन यंत्रांच्या दिशेने निघाला.

"त्यांना बोलाव," मावशी शालीतून सारिनाला म्हणाली. "आणि माझ्या खोक्यावर बस."

"मी?"

"मग कोण? सांगायला लाग."

"मावशी, मला कुठे गोष्टी येतात?"

"दीड महिना मला सांगितल्यास. चाळीस वर्षं गोष्टी सांगणाऱ्या बाईने त्या खऱ्या मानल्या. आणखी काय यायला हवं, भवाने?"

सारिनाने पोरांना हाक मारली. डोळे पुसले आणि खोक्यावर बसली. सगळ्यांचे डोळे तिच्यावर.

"सुरुवात कशी करू गं, मावशी?"

मावशीने उत्तर दिलं नाही. तिचं वर्ष सुरू झालं होतं.