मागच्यांसाठी सोडलेली ओळ

मित्रांनो, आज सकाळी बोगादीच्या घरून गाडी काढली आणि कॅमेरा घेऊन श्रीरंगपट्टणला गेलो. नदीवरचे बगळे टिपायचे होते. धुकं काही हटेना, म्हणून जुन्या गावातल्या गल्ल्यांत फिरत राहिलो.

एका लहानशा विठ्ठलमंदिरात टाळ वाजत होते. आत एकट्याच आजी मराठी भजन म्हणत होत्या. एक ओळ म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. टाळ मात्र चालूच. थोड्या वेळाने पुढची ओळ.

मला वाटलं, शब्द आठवत नसतील. फोटो काढून झाल्यावर न राहवून विचारलं, "अज्जी, भजनाची वही आणून देऊ का?"

"अय्यो, विसरले नाही मरी, बाळा," त्या हसून म्हणाल्या. "मी ओळ सांगायची, ती मागच्यांनी म्हणायची. आमच्या रंगाऱ्यांच्या गल्लीतल्या बारा जणी बसायचो. आता मीच राहिले. म्हणून काय त्यांची ओळ खायची?"

मी कॅमेरा खाली ठेवला आणि त्यांच्या मागे बसलो. त्यांनी पुढची ओळ सांगितली, ती मी चुकतमाकत म्हटली. त्यांनी वळून पाहिलं नाही, फक्त टाळ जरा जोरात वाजवले.

फोटो चांगले आलेत, पण त्यांत ते थांबणं दिसत नाही. म्हणून इथे टाकले नाहीत.

दुपारी घरी पोचलो. कुलूप काढलं आणि रोजच्यासारखं म्हणालो, "आई, आलो गं."

आई जाऊन वर्ष झालं. तरी चप्पल काढण्याआधी मी दारात जरा थांबतो, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

तुम्हीही असे थांबता का?