मावसभावाने मारलेली माणसं

आमच्या मेडशी गावातली जितकी माणसं माझ्या मावसभावाने एकट्याने मारली, तितकी पटकीच्या साथीनेही नेली नसतील. तीही अमेरिकेत बसून. इंजिनिअर व्हायला गेला, दोन वर्षांत ते सोडलं आणि इंग्रजीत कादंबऱ्या लिहू लागला. तिकडची वर्तमानपत्रं त्याला आता अमेरिकन कादंबरीकार म्हणतात, पण पाचही पुस्तकांत त्याने मेडशीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आमच्या सकाळी त्याचा फोन ठरलेला. "दादा, तुरीले फूल कवा येते?" मी सांगितलं, दिवाळीच्या आसपास. पुस्तकात तूर चैत्रात फुलली, कारण नायिकेचं लग्न चैत्रात होतं. वर म्हणाला, "वाचनाऱ्याईनं तूर पाह्यली कुठं?"

माणसांची नावंही तो बदलत नाही. दुसऱ्या पुस्तकात त्याने आमच्या टेलरला विहिरीत ढकललं. मी शाळामास्तर, म्हणून ओट्यावर बसून मराठीत अर्थ सांगायचं काम माझ्याकडे. आता भांडण होणार म्हणून मी चपला जवळ घेऊन बसलो, तर टेलरने पेढे वाटले! जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, हा आमच्याकडचा पक्का समज. तेव्हापासून लोक मला रस्त्यात अडवतात. "मलेबी मार म्हना पुढच्या पुस्तकात. फक्त साप नोको, तापानं मार म्हना."

एकट्या मावशीला, म्हणजे स्वतःच्या आईला, त्याने कधी हात लावला नाही. मावशी रुसली. "साऱ्या गावाचं आयुष्य वाढवलं, मायचंच जड झालं काय त्याले?" मग गेल्या वर्षी तिच्या हृदयाने दगा दिला. या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि तिचा रुसवा हट्टावर गेला. असल्या गोष्टींवर विश्वास नाही म्हणणारा हा गडी आठ महिने एक ओळ लिहू शकला नाही. लिहिलं आणि खरंच झालं तर, ही भीती त्याला खात होती.

परवा रविवारी फोन आला. "दादा, मायले मारलं आज," म्हणाला आणि हमसून रडू लागला. शेजारी तूर निवडत बसलेल्या मावशीनेच फोन घेतला. "रडू नोको बापा. पाह्य, मी इथंच हावो. जेवला का तू?"

मग त्याने तिला तिचं मरण वाचून दाखवलं, अख्खं, इंग्रजीतच. मावशीला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती मान हलवत ऐकत राहिली. गेल्या वीस वर्षांत तो तिच्याशी इतका वेळ कधी बोलला नव्हता.